एक बुटका, एक चंद्र, दोन धोंडे

लिफ्टकाकांनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही लिफ्ट पहिल्या तपासणीत पास केली नाही. ही गोष्ट ते आपणहून कधी सांगत नसत. कोणीतरी विचारेल अशी वाट बघत, आणि कोणी विचारलं नाही की मग सांगत. नवी कोरी लिफ्ट असो की जुनी खडखडणारी, काका आत जाऊन मधोमध उभे राहायचे, तीनदा उडी मारायचे, कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "पुन्हा या." लिफ्ट कुठे येणार? पण मालक यायचे. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने त्यांना शाल वगैरे दिली नाही, तर घासून लखलखीत केलेली एक पितळी कप्पी दिली. दोर ओढायची ती खोबणीची चाकं असतात ना, तशी. काकांनी ती शोकेसमध्ये ठेवली आणि रोज पुसू लागले.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी संगणकावरचे खेळ बनवते, याला काय म्हणावं? क्रेन बनवणाऱ्या कारखान्यातली चांगली नोकरी दीड वर्षापूर्वी सोडून तिने दोन मैत्रिणींबरोबर दुसऱ्या शहरात एक खोली घेतली होती. काकांनी फोनवर विचारलं होतं, "दिवसभर खेळ बनवता, ते ठीक आहे. मग काम कधी करता?" त्या प्रश्नानंतर बापलेकीचं बोलणं हवा आणि ब्लडप्रेशर या दोन विषयांवर येऊन थांबलं. हवा कशी आहे, बरी आहे. प्रेशर कसं आहे, बरं आहे. एवढं झालं की काका फोन काकूंच्या हातात देत, स्वतः बाल्कनीत जाऊन उभे राहत आणि कान मात्र हॉलमध्ये ठेवत.

आणि मग एका सोमवारी मुलीचा निरोप आला. "बाबा, आमचा खेळ पाठवते आहे. माझ्या कामाबद्दल तुम्हाला पुष्कळ बोलायचंय, हे मला माहीत आहे. पहिला बुरूज चढा. चढलात की मनात आहे ते सगळं बोला, मी मध्ये तोंड उघडणार नाही. तोवर हवा आणि प्रेशर."

काकांचं भाषण तयारच होतं. त्यात चार मुद्दे होते आणि चौथ्याला तीन पोटमुद्दे. एका बुरुजाचा तर प्रश्न होता. "संध्याकाळी चहाच्या आधी उरकतो," असं काकूंना सांगून ते खुर्ची ओढून बसले.

खेळ असा होता. आभाळातला चंद्र निसटून खाली पडलेला. बुटका नावाचा एक ढेरपोट्या राक्षस, जेमतेम कोंबडीएवढा. चंद्राला दोर बांधलेला, दोराचं दुसरं टोक बुटक्याच्या कमरेला, आणि दोर हवा तेवढा लांब सोडता येई. हा चंद्र सात बुरूज चढवून परत आभाळात टांगायचा. यात जादू होती, बोलणारं घुबड होतं, पण वजनाच्या बाबतीत मात्र कोणाची गय नव्हती. चंद्राला चंद्राएवढं वजन होतं. बुटका धावला की चंद्र मागे राही, बुटका थांबला की चंद्र पुढे येऊन त्याला ढकले, बुटक्याने उडी मारली की चंद्र झोका घेई आणि दोघे मिळून तळाला जात. बुरुजाला जिना नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या फळ्या, मध्ये एक झुलता पूल, माथ्यावर काही सुटे धोंडे आणि एका तुळईला लटकणारं जुनं चाक, एवढाच मामला.

दुसरा कोणी असता तर पळाला असता, पडला असता, पुन्हा पळाला असता. पण काकांनी पहिल्या फळीवर बुटक्याला उभं केलं आणि तीनदा उडी मारायला लावली. फळ्या दोन उड्या सोसतील अशाच बनवलेल्या होत्या. तिसऱ्या उडीला फळी मोडली. काकांनी वहीत लिहिलं: "फळी क्रमांक एक, नापास." मग दुसरी फळी. चार दिवसांत त्यांनी सतरा फळ्या आणि एक पूल नापास केला आणि दर तपासणीनंतर बुटका पुन्हा जमिनीवर.

"अहो, उड्या कशाला मारता तिथे? पुढे जा ना," काकू म्हणाल्या.

"तपासल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही."

"मग बसा तपासत. पोरगी म्हातारी होईल तोवर."

पाचव्या दिवशी काकांनी तपासणी सोडून चढायला सुरुवात केली, आणि तेव्हा त्यांना कळलं की आधीचे चार दिवस सुखाचे होते. चंद्र पुलावर असा काही हेलकावे खाई की बुटका चिंधीसारखा भिरकावला जाई. एकदा तर पुलाच्या टोकापर्यंत गेला, आणि काकांना इतका आनंद झाला की त्यांनी चष्मा पुसायला कळफलकावरचा हात काढला. बुटका तळाला. घुबड म्हणालं, "पुन्हा या." काका दचकले. हे वाक्य कुठून आलं हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही, पण त्यांनी ते काकूंना सांगितलं नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं स्वतःबद्दल कोणी म्हणू नये म्हणून काकांनी ठरवलं की आता गोष्ट शास्त्राने घ्यायची. चंद्राचा झोका प्रत्यक्षात कसा बसतो ते बघायचं. घरात आणलेला एक दणकट भोपळा होता. काकांनी शोकेसमधली पितळी कप्पी काढली, सातव्या मजल्याच्या कठड्याला बांधली, दोर ओवला, जिन्याच्या मधल्या पोकळीत भोपळा सोडला आणि चौथ्या मजल्यावरच्या आपल्या दारात उभं राहून त्याला झोके देऊ लागले.

भोपळ्याने पहिले सहा झोके अगदी शिस्तीत घेतले. सातव्याला गाठ सुटली. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाठी तपासलेल्या माणसाने स्वतःची गाठ तपासली नव्हती, याला म्हणतात दिव्याखाली अंधार. भोपळा खाली गेला, तळमजल्यावर लिफ्टच्या उघड्या जाळीच्या दाराशी फुटला, अर्धा दाराच्या खाचेत गच्च बसला आणि उरलेला सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पांढऱ्या पॅंटवर. सेक्रेटरी लिफ्टमधून नुकतेच बाहेर येत होते. त्यांना लागलं नाही. पण न लागलेला माणूस लागलेल्यापेक्षा जास्त बोलतो.

"काका, तुम्ही स्वतः निरीक्षक होतात."

"प्रयोग चालू होता."

"कसला?"

आता चंद्र आभाळात टांगायचा आहे, हे चार मजले चढून घामाघूम झालेल्या, भोपळा लागलेल्या माणसाला कसं सांगणार? काका म्हणाले, "खाजगी आहे."

मेकॅनिक आला. त्याने दार बघितलं, खाच बघितली, काकांकडे बघितलं आणि पान्हा पिशवीत परत ठेवला. "मी हात लावणार नाही, साहेब. बाहेरची वस्तू दारात अडकून लिफ्ट बंद पडली, तर कार्यालयाची तपासणी झाल्याशिवाय चालू करायची नाही, असं पत्रक आहे."

"कोणी काढलं असलं पत्रक?" सेक्रेटरी कडाडले.

मेकॅनिकने पुन्हा काकांकडे बघितलं. पत्रकाखालची सही काकांची होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून तपासणीला आले ते काकांच्याच हाताखाली तयार झालेले गृहस्थ. काका त्यांना अजून 'धाकटे' म्हणत. धाकट्यांनी आल्या आल्या काकांना वाकून नमस्कार केला, लिफ्टमध्ये मधोमध उभं राहून तीनदा उडी मारली, कान देऊन ऐकलं आणि मग परवाना मागितला. सेक्रेटरींनी तो खणातून काढून दिला. त्याची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली होती.

"सील करावी लागेल, साहेब," धाकटे फार हळू आवाजात म्हणाले.

"करा," काका म्हणाले. शिष्याचं त्यांना कौतुक वाटलं आणि त्याच वेळी त्याला जिन्यावरून ढकलावंसंही वाटलं.

खरी अडचण अर्जात आली. लिफ्ट बंद पडण्याचं कारण एका रकान्यात खूण करून द्यायचं होतं. रकाने पाच: आग, पाणी, वीज, व्यक्ती, प्राणी.

"भोपळा कशात बसतो?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कशातच नाही."

"मग 'इतर' असेल ना कुठेतरी?"

धाकटे छताकडे बघू लागले. "'इतर' होता आधी. लोक त्यात वाटेल ते लिहितात म्हणून साहेबांनी काढून टाकला."

अर्ज 'पाणी'खाली गेला, कारण भोपळ्यात पाणी असतं असा सहाव्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा सल्ला. तो परत आला. मग 'व्यक्ती'खाली गेला, आणि कार्यालयाने त्या व्यक्तीच्या प्रकृतीची विचारपूस केली. तिसरा अर्ज गेला आणि सोसायटी जिना चढू लागली.

इमारत सात मजल्यांची आणि काकांचा मजला चौथा. म्हणजे वर राहणाऱ्या प्रत्येकाचा दम बरोबर त्यांच्या दाराशी संपायचा. पहिल्या दिवशी लोक दारात उभे राहून काकांना दोन शब्द सुनावून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी काकूंनी, आपल्याच माणसाने घातलेला गोंधळ म्हणून, हॉलमध्ये चार खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या ठेवला. तिसऱ्या दिवसापासून लोक टेकू लागले, आणि टेकलेल्या माणसाला समोर काय दिसणार? बुटका.

"डावीकडून घ्या हो," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे पण असंच असतं. समोरून ओढून निघत नाही, हलवून हलवून काढावं लागतं."

"चंद्र म्हणजे दाढ नव्हे."

"पण तुम्ही तोंड तसंच करताय."

सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर राहत. ते पहिले दोन दिवस मानेने नमस्कार करून पुढे गेले, तिसऱ्या दिवशी खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, चौथ्या दिवशी बसले आणि म्हणाले, "एक ठराव करून चंद्र खालीच ठेवला तर?" प्रत्येकाचा सल्ला वेगळा आणि प्रत्येकाच्या सल्ल्याने बुटका तळाला. काकांची सर्वांत मोठी जखम ही की, बुटका पडला की आता पाच जण एकदम "अरेरे" म्हणत.

गुरुवारी काकांनी संगणक बंद केला. "नाही जमत," ते काकूंना म्हणाले. "तिला कळव. हवा आणि प्रेशरवर माझं चाललंय बरं."

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुम्हाला सांगणार नव्हते. तिकडे तिचं काही बरं चाललेलं नाही. बावीस जणांना खेळून बघायला दिला. एकही जण पहिला बुरूज चढला नाही. मैत्रिणी म्हणतात, बुरूज काढून टाक, सरळ जिना घाल. ही म्हणते, वाट आहे, नीट बघितलं तर दिसते. येत्या रविवारी सकाळपर्यंत कोणी चढलं नाही तर काढायचं ठरलंय. आता दिवसभर गप्प असते म्हणे."

"वाट आहे म्हणते?"

"तिने बनवलाय. तिला माहीत असणार."

"मग विचारायचं तिला."

"तुम्ही विचाराल? तुमची मुलगी सांगेल?"

काकांच्या भाषणातला पहिला मुद्दाच असा होता की, पोरी, तू जे करतेस त्यात बरोबर-चूक असं काही नसतं, तो नुसता खेळ असतो. आणि इथे ती पोरगी, कोणी चढत नसताना, जिना घालायला नाही म्हणत होती. काकांनी बत्तीस वर्षं दुसरं काय केलं होतं? तिच्या बाजूने कोणी उभं नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्या उभं न राहणाऱ्यांत आपला नंबर पहिला, याचं त्याहून वाईट वाटलं. त्यांनी संगणक पुन्हा चालू केला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळी हॉल भरलेला. अकरा वाजता तिकडे निर्णय व्हायचा होता, आणि दहा वाजता बुटका दोनशे एकोणचाळिसाव्यांदा पडला.

तेवढ्यात वरून हाक आली. सातव्या मजल्यावर एक आजी एकट्या राहत. जिना त्यांना झेपत नव्हता, म्हणून लिफ्ट बंद झाल्यापासून काकांची कप्पी त्यांनी वापरायला घेतली होती. दोराच्या खालच्या टोकाला सामानाची पिशवी बांधायची आणि आजींनी वरून ओढायची. आज पिशवीत आठवड्याचं सामान होतं आणि ती पहिल्या मजल्यापाशीच अडली होती.

"ओढू का, आजी?" काका दारातून म्हणाले.

"नको रे बाबा. तू भोपळ्याचं काय केलंस ते बघितलंय. माझ्याकडे रद्दी आहे."

आजींनी वर्तमानपत्रांचा भला मोठा गठ्ठा दोराच्या आपल्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि कठड्यावरून सोडून दिला. गठ्ठा संथपणे खाली निघाला. सामानाची पिशवी तितक्याच संथपणे वर निघाली. चौथ्या मजल्यापाशी काकांच्या नाकासमोर दोन्ही एकमेकांना ओलांडून गेले.

काका तिथेच खिळले. लिफ्टचा पाळणा वर जातो तेव्हा मागच्या बाजूने लोखंडी वजनांची चौकट खाली येते. काउंटरवेट. हजारो वेळा त्यांनी ते वजन हाताने चाचपून बघितलं होतं. आणि बुरुजाच्या माथ्यावर, तुळईला लटकलेलं ते जुनं चाक ते पंधरा दिवस शोभेचं समजत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"सरका," ते खुर्चीत बसत म्हणाले.

त्यांनी चंद्र खालीच ठेवला आणि बुटक्याचा दोर लांब सोडला. मोकळा बुटका फळ्यांवरून टुणटुण वर गेला, पुलावरून गेला, माथ्यावर पोचला. काकांनी दोर चाकावरून घेतला. मग बुटक्याच्या हातात एक धोंडा दिला, आणि थोडा विचार करून दुसराही.

"आता?" सेक्रेटरींनी विचारलं.

"आता उडी."

"खाली? अहो, पंधरा दिवस आपण पडू नये म्हणून..."

"चंद्र वर जायचा असेल तर कोणीतरी खाली यायला हवं," काका म्हणाले, आणि त्यांनी बुटक्याला कड्यावरून सोडून दिलं.

बुटका धोंडे पोटाशी धरून खाली निघाला, पण आपटला नाही, कारण पलीकडून चंद्राचं वजन त्याला धरून होतं. अर्ध्या वाटेवर चंद्र त्याच्या शेजारून वर गेला, आणि बुटक्याने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. चंद्र माथ्यावर जाऊन टेकला. बुटका तळाला अलगद उभा राहिला, धोंडे खाली ठेवले आणि मोकळ्या हातांनी पुन्हा वर चढून गेला. घुबडाने पंख झटकले आणि ते पहिल्यांदाच गप्प बसलं. डॉक्टरीणबाईंनी सेक्रेटरींचा हात धरला होता, ते ध्यानात आल्यावर त्यांनी सोडला.

काकांनी फोन लावला. अकराला वीस मिनिटं होती.

"हॅलो. बाबा? हवा बरी आहे."

"चढलो."

"काय?"

"बुरूज. चंद्रासकट. आईला विचार, सगळे इथेच आहेत."

पलीकडून फार बारीक आवाजात, "कसे चढलात?"

"उडी मारली. दोन धोंडे घेऊन."

"बाबा, बावीस जण खेळले. सगळे पडायला घाबरले. मी लहान असताना तुम्ही मला लिफ्टच्या मशीनच्या खोलीत न्यायचात. मी विचारलं होतं, हे वजन खाली का जातं. तुम्ही म्हणालात, कोणीतरी वर जावं म्हणून. आठवतं?"

काकांना ते अजिबात आठवत नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी न तपासता "हो" म्हटलं.

"बोला आता," ती नाक ओढत म्हणाली. "जे काय बोलायचंय ते. मी मध्ये बोलणार नाही."

काकांनी चारही मुद्दे शोधून बघितले. एकही जागेवर नव्हता. "पुलाची तिसरी फळी सैल आहे," ते म्हणाले.

"मुद्दाम ठेवलीय."

"माहीत आहे. चांगली ठेवलीय. बाकी पास."

"पहिल्याच तपासणीत?"

"पहिल्याच," काका म्हणाले, आणि मग त्यांना बाल्कनीत जावं लागलं, कारण डोळ्यांत आलेलं पाणी सोसायटीसमोर पुसायची त्यांची तयारी नव्हती. फोन मात्र या वेळी त्यांनी काकूंकडे दिला नाही.

बुरूज राहिला. सोसायटीचा तिसरा अर्जही मंजूर झाला, धाकट्यांनी भोपळा 'प्राणी'खाली घातला आणि शेरा मारला, "चालताना दिसला." परवाना नवा झाला, लिफ्ट सुरू झाली, तरी डॉक्टरीणबाई आणि सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर उतरून, दम लागलेला नसताना, बसून जातात. अजून सहा बुरूज बाकी आहेत. मुलीने तपासणीचा दाखला लेखी मागितला होता, तो काकांनी कार्यालयीन नमुन्यात, सहीनिशी पाठवला. खाली एक ओळ जास्तीची होती: "मुदत एक वर्ष. पुढील तपासणी तपासनीसाच्या राहत्या घरी. निर्मातीने समक्ष हजर राहावे." ती वर्षाची वाट न बघता पुढच्याच महिन्यात येते आहे.

खेळ लोकांसाठी खुला झाला त्या दुपारी काकांनी तो उघडला. पहिल्या बुरुजाच्या पायथ्याशी आता एक छोटी पाटी होती, लिफ्टमध्ये असते तशी. "तपासले. वापरण्यास योग्य. क्षमता: एक बुटका, एक चंद्र, दोन धोंडे." खाली काकांची सही. काकांनी चष्मा पुसून पाटी पुन्हा पुन्हा वाचली. ती उजवीकडे किंचित तिरकी लागली होती. हे त्यांनी कोणालाही कळवलं नाही.